पहिलं विमान पडण्यासाठीच घ्यायचं

परवा भालकीहून माझ्या मावसभावाचा फोन आला. "अरे, आमचं पोरगं रिमोटच्या विमानासाठी हटून बसलंय. तुझ्या मुलाकडं आहे म्हणे. कोणतं घेऊ सांग." मी दोन-तीन वाक्यं बोललो आणि अडखळलो. कारण या प्रश्नाचं उत्तर आमच्या घरात माळ्यावरच्या एका खोक्यात आहे आणि ते फोनवर सांगण्यासारखं नाही. म्हणून हे सगळं सविस्तर लिहून काढतोय. सीमाभागातल्या इतरही घरांत असं एखादं हटून बसलेलं पोरगं असेलच!

मी मूळ भालकीचा. घरात मराठी, बाजारात कन्नड. आमच्या सौ. कलबुर्गीच्या, त्यांच्या माहेरी अस्सल कन्नड. नोकरीमुळे आम्ही हैदराबादला आलो आणि गेली अठरा वर्षं नारायणगुड्यात आहोत. इथं केशव मेमोरियल या शिक्षणसंस्थेवरून जाताना मला नेहमी आपलेपणा वाटतो. ज्यांच्या नावानं ती आहे ते केशवराव कोरटकर मराठी, वकिली त्यांनी केली गुलबर्ग्यात आणि न्यायमूर्ती झाले हैदराबादेत. म्हणजे आमच्यासारखाच तीन गावांचा माणूस! आमचा मुलगा माझ्याशी मराठी बोलतो, आईशी कन्नड, गल्लीत तेलुगू आणि दुकानात दखनी.

२०२३ च्या दिवाळीत आम्ही बीदरला नातेवाइकांकडे गेलो होतो. एका सकाळी मुलाला घेऊन किल्ल्यावर गेलो. किल्ला राहिला बाजूला, हवाई दलाची विमानं डोक्यावरून गेली आणि पोराची मान जी वर झाली ती खाली येईना. सूर्यकिरण या हवाई कसरतींच्या पथकाचं घर बीदरच. १९९६ साली ते इथंच सुरू झालं, तेव्हा किरण विमानांवर; आता ते हॉक विमानं उडवतात, एका वेळी नऊ. परतीच्या गाडीत जहीराबाद येईपर्यंत मुलगा एकच विचारत होता, "बाबा, असं विमान रिमोटवर मिळतं का?"

मिळतं. तिथंच गोची आहे.

डिसेंबरात त्याचा तेरावा वाढदिवस होता. आम्ही बापलेक एका दुकानात गेलो. वर टांगलेलं लाल-पांढरं जेट त्यानं बघितलं आणि तो बोलायचाच थांबला. हुबेहूब बीदरच्या आकाशातलं! दुकानदार भला माणूस होता. त्यानं विचारलं, "पहिलाच है क्या?" मी हो म्हटल्यावर त्यानं कोपऱ्यातलं दुसरं विमान काढलं. लांबलचक पंख, फुगलेलं पोट, मोटर पाठीवर. म्हणाला, "साब, ये लेके जाओ. दिखता बुढ्ढा, मगर उडता." मुलाचं तोंड उतरलं. मला वाटलं, वाढदिवसाला असलं बेंगरूळ काय घ्यायचं! बॅटरी, चार्जर, रिमोट असं सगळं मिळून साडेअकरा हजार मोजले आणि जेट घेऊन घरी आलो. त्यात माझी हौस किती आणि त्याची किती, हे आज विचारलं तर मी खाली बघेन.

रविवारी सकाळी घरापासून चालत जाता येईल अशा एका मैदानावर गेलो. क्रिकेटचे तीन-चार डाव चालू होते. चाटची गाडी लावणारा एक माणूस कडेला मांडामांड करत होता आणि त्याची चार-पाच वर्षांची मुलगी मातीत खेळत होती. मुलानं रिमोट धरला, मी विमान हातात घेऊन जोरात फेकलं.

सगळं मिळून तीन सेकंदं झाली असतील. विमान आधी जरा खाली गेलं, मुलानं घाबरून नाक वर ओढलं, ते एका पंखावर कललं आणि गिरकी घेऊन त्या छोट्या मुलीपासून दोन हातांवर जमिनीत घुसलं. ती रडलीसुद्धा नाही, नुसती बघत राहिली. तिचा बाप धावत आला, तिला उचलून घेतलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग वाकून विमानाचं तुटलेलं नाक उचललं आणि माझ्या हातात आणून दिलं. एक शब्द बोलला नाही.

आणि मी? मी वळून पोरावर ओरडलो. सगळ्या मैदानासमोर. "अकरा हजार मातीत घातलेस! एक गोष्ट धड जमत नाही तुला!"

ज्याची मुलगी थोडक्यात वाचली होती तो गप्प होता. ज्याचा फक्त फोम फुटला होता तो ओरडत होता. हे मला त्या वेळी दिसलं नाही. रात्री झोप येईना तेव्हा दिसलं.

मुलगा रडला नाही. घरी येऊन त्यानं विमान खोक्यात भरलं, खोकं माळ्यावर ढकललं आणि पुन्हा विमानाचं नाव काढलं नाही. एवढंच असतं तर चाललं असतं. पण महिनाभरात दोनदा, एकदा गणितावरून आणि एकदा शाळेच्या नाटकावरून, तो आईला म्हणाला, "नन कड आगूदिल्ल." माझ्याच्यानं होत नाही. सौ.नी मला ते सांगितलं तेव्हा त्यांनी आवाज चढवला नाही. पण मैदानावर मी काय बोललो होतो ते त्यांना माहीत होतं.

संक्रांतीला सासरे कलबुर्गीहून आले. मी त्यांना मामा म्हणतो. बस डेपोत तीस वर्षं मेकॅनिक होते, हात अजून स्थिर आहेत. एळ्ळु-बेल्ल आणि तिळगूळ दोन्ही खाऊन झाल्यावर नातवाला म्हणाले, "एनातो तम्मा? विमान तोरसु." दाखव म्हटल्यावर खोकं खाली आलं. मामांनी चष्मा लावून तुकडे पाहिले, पंख बोटांनी मोजले आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "नव्या ड्रायव्हरला आम्ही कधी कोरी गाडी दिली नाही. जुनी गाडी, रिकामा रस्ता आणि शेजारी बसलेला माणूस. तीन गोष्टी लागतात. तुम्ही त्याला यातली एकही दिली नाही."

जावयाला एवढं स्पष्ट बोलणारे ते नव्हेत. म्हणूनच लागलं.

शेजारचा माणूस आधी सापडला. आमच्या गल्लीत एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी राहतो. एनसीसीच्या एअर विंगमध्ये असताना तो विमानाचे मॉडेल बनवायला आणि उडवायला शिकला. मुलगा त्याला अन्ना म्हणतो. तेलुगूत अन्ना, कन्नडमध्ये अण्णा, आपल्याकडेही अण्णा. नातं लावायला अडचण आली नाही. अन्नानं जेट पाहिलं आणि हसला नाही, हे मी त्याच्या बाजूनं लिहून ठेवतो. त्यानं मुलाला सांगितलं, "यात तुझी चूक नाही. हे मीसुद्धा पहिल्या दिवशी पाडलं असतं."

मग त्यानं आम्हाला समजावलं. जेटचे पंख लहान आणि मागे ओढलेले. वजनाच्या मानानं पंख लहान असले की विमान वेगात असेल तरच हवेत राहतं. वेग जरा कमी झाला की कोसळतं. शिवाय अशा मॉडेलमध्ये पंखा पोटाच्या नळीत असतो, त्याचा झोत शेपटीच्या झडपांवरून जात नाही. त्यामुळे हातातून सुटल्यावर वेग येईपर्यंत तुम्ही स्टिक कितीही हलवा, विमान ऐकत नाही. आणि वेग आला की सगळं इतक्या लवकर घडतं की नवख्याला विचार करायला सवडच नसते.

"बीदरला हॉक उडवणारे तरी पहिल्या दिवशी हॉकमध्ये बसतात का?" अन्ना म्हणाला. त्यानं दुंडीगलचं उदाहरण दिलं. हवाई दलाची अकादमी हैदराबादजवळ दुंडीगलला आहे. तिथं नवे वैमानिक २०१३ पासून पिलाटस पीसी-७ या पंख्याच्या विमानावर शिकतात. पुढे शिष्य, मागे गुरू, आणि दोघांपाशीही सगळी नियंत्रणं. जेट त्यानंतर. मुलगा हे ऐकताना सरळ बसला. बीदरच्या आकाशातल्या त्या माणसांनाही आधी दुसरं, साधं विमान उडवावं लागलं, ही गोष्ट त्याला कुणी सांगितलीच नव्हती.

तर मावसभावासाठी आणि इतरांसाठी, पहिलं विमान कसं असावं हे आता लिहितो.

पंख धडाच्या वर असावेत आणि दोन्ही टोकांकडे किंचित वर उचललेले असावेत. असं विमान कललं की खाली गेलेल्या पंखाला जास्त उचल मिळते आणि ते आपोआप सरळ व्हायला बघतं. मूल गोंधळलं तर स्टिक सोडून द्यावी. उंची पुरेशी असेल तर विमान स्वतःला सावरतं. पंख लांब, रुंद आणि जाडसर हवेत, म्हणजे ते सावकाश उडतं. विस्तार मीटर ते दीड मीटर ठीक. फार छोटं घेऊ नये. स्वस्त पडतं, पण वाऱ्यानं भरकटतं आणि थोडं लांब गेलं की कुठल्या तोंडानं चाललंय हेच दिसत नाही.

अंग लवचिक फोमचं असावं. बाल्सा लाकडाचं विमान देखणं असतं, पण पडलं की महिनाभर दुरुस्ती. फोम चिकटपट्टी आणि डिंकावर भागतो. फक्त डिंक विचारून घ्यावा, कारण झटपट चिकटणारा साधा गम थर्माकोलला लावला तर तो थर्माकोलच खातो. मोटर आणि पंखा पाठीवर किंवा मागे असेल तर नाकावर पडूनही पंखा वाचतो, आणि समोर कुणी असलं तर त्यालाही धोका कमी.

सुरुवातीला तीन गोष्टींवर ताबा पुरे. मोटरचा वेग, शेपटीची आडवी झडप वर-खाली जायला आणि उभी झडप वळायला. पंखांवरच्या झडपा ही चौथी गोष्ट. ती दुसऱ्या विमानाला. आता काही विमानांत तोल सांभाळणारं छोटं यंत्रही बसवलेलं असतं. त्याची मदत घ्यावी, पण कधीतरी ते बंद करूनही शिकावं.

पैसे वाचवायचे तर विमानात वाचवावेत, रिमोटमध्ये नाही. विमानं येतील आणि जातील, चांगला रिमोट पुढच्या चार विमानांना चालतो. आता सगळे २.४ गिगाहर्ट्झचे असतात, पूर्वीसारखी दुसऱ्याच्या रिमोटनं आपलं विमान पडायची भीती राहिलेली नाही. वेगाची स्टिक डाव्या हाताला की उजव्या, हे मात्र जो शिकवणार आहे त्याच्यासारखंच घ्यावं. आणि तो रिमोट संगणकाला जोडून विमान उडवायचा सराव करता येतो. आमच्या चिरंजीवांनी जानेवारी-फेब्रुवारीत संगणकावर किती विमानं पाडली त्याची मोजदाद नाही. खर्च शून्य!

बॅटरीशी खेळ नको. लिथियम पॉलिमरच्या या बॅटऱ्या चार्जिंगला लावून बाहेर जाऊ नये, भरलेल्या ठेवू नयेत आणि फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. हे काम मोठ्यांनी आपल्याकडे ठेवावं.

बाजारात जाताना हे सगळं लक्षात राहिलं नाही तर एवढंच करावं. दुकानात जे सर्वांत बेंगरूळ दिसेल ते उचलावं. आम्ही त्याच दुकानात परत गेलो. दुकानदारानं ओळखलं, काही बोलला नाही, कोपऱ्यातलं तेच 'बुढ्ढं' काढून दिलं.

आता राहिला रिकामा रस्ता. शहरातलं मैदान रिकामं नसतं, हे आम्ही शिकलो होतो. दुसरी गोष्ट अन्नानं दाखवली. २०२१ च्या ड्रोन नियमांनंतर देशाचा एक सरकारी नकाशा आहे. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय काही उडवायचं नाही, पिवळ्या भागात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते, हिरव्या भागात मोकळीक असते. नारायणगुड्याहून बेगमपेठचा विमानतळ लांब नाही. प्रवासी विमानं २००८ साली शमशाबादला गेली, पण बेगमपेठची धावपट्टी अजून वापरात आहे. आणि बीदरला तर हवाई दलाचा तळच! म्हणजे जिथं पोराला हौस लागली, नेमकं तिथंच ती पुरी करता येणार नव्हती. नियम बदलत असतात, तेव्हा विमान घेण्याआधी नकाशा आणि नोंदणीचे नियम बघून घ्यावेत.

फेब्रुवारी-मार्चचे पाच-सहा रविवार अन्ना आम्हाला शहराबाहेर हिरव्या भागातल्या एका माळावर घेऊन गेला. दोन रिमोट एकमेकांना जोडलेले. अन्नानं बटण दाबून धरलं की ताबा मुलाकडे, सोडलं की अन्नाकडे. पहिल्या रविवारी बटण सारखं सुटत होतं. पाचव्या रविवारी एकदाही सुटलं नाही. त्या दिवशी मुलगा घरी येऊन दोन चपात्या जास्त जेवला.

पाडवा आणि युगादी आमच्या घरात एकच सण. २०२४ साली तो ९ एप्रिलला होता. आम्ही भालकीला गेलो. गावाबाहेर मावसभावाचं रान आहे, हरभरा निघून गेलेला, काळी भुसभुशीत जमीन, विजेची तार नाही, माणूस नाही. सकाळी सहाला गेलो, कारण ऊन वाढलं की वारा सुटतो. मुलानं विमान दोन बोटांवर पंखाखाली तोलून बघितलं; शेपूट जड झालं तर विमान आवरत नाही, हे त्याला आता मला सांगावं लागत नव्हतं, तो मला सांगत होता. मामा खाटेवर बसले. मी वाऱ्याकडे तोंड करून विमान फेकलं.

ते 'बुढ्ढं' सावकाश वर चढलं. दोन चकरा झाल्या, तिसऱ्या चकरेला ते थेट आमच्याकडे तोंड करून आलं आणि आमच्या डाव्या अंगाला कलायला लागलं. इथंच नवशिक्यांचं विमान पडतं. विमान आपल्याकडे येत असलं की त्याचं डावं ते आपलं उजवं होतं. मी ओरडलो, "उजवीकडे!" सौ. ओरडल्या, "एडक्क! एडक्क!" म्हणजे डावीकडे. मी माझ्या जागेवरून बोलत होतो, त्या विमानात बसून बोलत होत्या. दोघंही बरोबर होतो आणि दोघांचा काही उपयोग नव्हता!

मुलानं आमच्यापैकी कुणाचंच ऐकलं नाही. अन्नानं शिकवलं होतं, विमान समोरून येताना जो पंख खाली गेलेला दिसेल त्याच बाजूला स्टिक न्यायची, जणू त्याला खालून टेकू देतोय. त्यानं टेकू दिला. विमान सरळ झालं आणि आमच्या डोक्यावरून गेलं. खाटेवरून मामा म्हणाले, "शाब्बास तम्मा!"

सहा-सात मिनिटांनी त्यानं ते नांगरटीत अलगद उतरवलं. मग दुसरी बॅटरी लावली आणि रिमोट माझ्यापुढे धरला. "बाबा, तुम्ही."

मी नको म्हणायला हवं होतं. हातात घेतलं, अर्धी चकर मारली, विमान वळून माझ्याकडे आलं आणि मी उजवीच्या जागी डावी केली. धप्प! काळ्या मातीत नाक, पंखाला चीर. रानात एकदम शांतता. मला काय वाटलं सांगू? मी वाट बघत होतो. कुणीतरी ओरडेल म्हणून.

मुलगा पळत गेला, विमान उचललं, माती झटकली, वाकवून बघितलं. परत येऊन म्हणाला, "काही नाही झालं. चिकटपट्टी आणलीये. पहिलं विमान पडण्यासाठीच असतं, बाबा."

आमच्याकडे बाप मुलाची माफी मागत नाहीत. माझ्या वडिलांनी कधी मागितली नाही आणि त्यांचं काही अडलंही नाही. पण बांधावर बसून तो पंखाला चिकटपट्टी लावत होता, मी कडा दाबून धरली होती, तेव्हा मी म्हणालो, "डिसेंबरात मी ओरडलो ते चुकलं. तुझी चूक नव्हती."

त्यानं वर बघितलं नाही. चिकटपट्टी दातानं तोडली आणि म्हणाला, "इथं अजून जरा दाबून धरा."

घरी परतल्यावर कडुलिंब आणि गूळ खाल्ला, बेवु-बेल्ल. मामांनी नातवाला गूळ जरा जास्त दिला.

त्या 'बुढ्ढ्या'ला आता नऊ ठिकाणी चिकटपट्ट्या आहेत आणि ते अजून उडतं. जेट माळ्यावरच आहे. मागच्या दिवाळीत सौ.नी विचारलं, "टाकून देऊ का?" मुलगा म्हणाला, "राहू दे. नाक बसवायचंय. अजून एक वर्ष."

मी घाई केली नाही.